सीपी असलेल्या मुलांसाठी व्हायब्रेशन थेरपी : कुणाला अनुभव आहे का?

अबोली_नाशिक
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

लेक १४ वर्षांची. सेरेब्रल पाल्सी (सीपी), स्पॅस्टिक डायप्लेजिया. दोन्ही पायांचे स्नायू ताठ. घरात भिंतीला धरून आणि शाळेत रोलेटर (चाकांचा वॉकर) घेऊन चालते. डॉक्टर तिला जीएमएफसीएसच्या (चालण्या-हालण्याच्या क्षमतेच्या पाच श्रेणी, आकडा मोठा तितकी अडचण जास्त) तिसऱ्या श्रेणीत धरतात. गेल्या वर्षभरात उंची एकदम वाढली आणि गुडघे सरळ होईनासे झाले. उभी राहिली तरी गुडघे वाकलेलेच, थोड्या वेळात मांड्या भरून येतात. वजनही वाढतंय, त्यामुळे मला उचलणं झेपत नाही.

आम्ही जातो त्या फिजिओ सेंटरमध्ये नवीन व्हायब्रेशन प्लेट आलीय. मुलांना तिच्यावर उभं करतात आणि प्लेट थरथरते. टोन (स्नायूंचा ताठरपणा) उतरतो, हाडं मजबूत होतात, चाल सुधारते, शिवाय ‘मेंदूलाही चालना मिळते’, असं त्यांचं म्हणणं. पॅकेज घ्यायचं, पैसे आगाऊ. नवरा म्हणतो, तसलीच प्लेट ऑनलाइन स्वस्तात मिळते, घरीच आणू. सासूबाई म्हणतात, तिळाच्या तेलाने काय वाईट चाललं होतं?

कुणी दिलीय का ही थेरपी? फरक पडला का, आणि पडला तर टिकला का?

खमंग_चिवडा
वाचनखूण साठवली. भाच्यासाठी हवंय.

शंकासूर
‘मेंदूलाही चालना मिळते’ वाचलं आणि पाकीट घट्ट धरलं. आगाऊ पैसे अजिबात देऊ नका. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

टाच_टेकवा
अबोलीताई, मी पुण्यात लहान मुलांची फिजिओ आहे. शंकासूर येण्याआधी लिहून टाकते.

प्लेट दोन जातींच्या असतात. एक सबंध वरखाली होते. दुसरी मधल्या आसावर सीसॉसारखी हलते, डावा पाय वर तेव्हा उजवा खाली. सीपीच्या तरुण मुलांवरचं बरंचसं काम दुसऱ्या जातीवर झालंय. हिच्यात पाय आसापासून जितके लांब तितका झोका मोठा, म्हणून सुरुवातीला पावलं जवळ ठेवतात. प्लेट हलली की स्नायू क्षणभर ताणला जातो आणि प्रतिक्षिप्त क्रियेने आकसतो. सेकंदाला वीस वेळा. मुलाने मनाने काही न करता स्नायूला काम मिळतं, हाडावर भार येतो. बाकी जादू काही नाही.

तुमच्या लेकीच्या वयाला जवळचा अभ्यास न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, २०१६ साली छापून आलेला. ११ ते २० वर्षांची ४० मुलंमुली, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतली. आठवड्यातून चार दिवस, रोज ९ मिनिटं, २० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला वीस कंपनं), असं २० आठवडे. स्नायू वाढले, हाडांतलं खनिज वाढलं, सहा मिनिटांत चालायचं अंतर वाढलं. मात्र थेरपी न घेतलेला तुलनेचा गट नव्हता, हे लगेच सांगते, नाहीतर शंकासूर सांगतीलच.

मेंदूच्या चालनेचं म्हणाल तर तसं मी कुठल्याही पालकाला सांगणार नाही. सीपीत मेंदूला झालेली इजा आहे तिथेच राहते. आपण काम करतो ते स्नायू, हाडं, सांधे आणि सवयी यांच्यावर.

नगरी_नाना
सेकंदाला वीस वेळा? आमच्या पाथर्डी रोडला एसटीच्या शेवटच्या सीटवर बसवा. हाफ तिकिटात पॅकेज.

खमंग_चिवडा
नाना =)) आणि खिडक्यांचं संगीत फुकट.

शंकासूर
नाना, हसू नका. १८९२ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को नावाच्या बड्या डॉक्टरने हेच केलं होतं. कंपवाताचे रोगी त्याला सांगायचे, की रेल्वेच्या नाहीतर घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर बरं वाटतं. त्याने थरथरणारी खुर्चीच बनवून घेतली. रोगी खूश. १२० वर्षांनी, २०१२ साली, शिकागोतल्या डॉक्टरांनी ती कल्पना नीट तपासली. एका गटाची खुर्ची थरथरणारी, दुसऱ्याला नुसते आवाज ऐकवले. दोन्ही गट सारखेच सुधारले.

सीपीतही हे घडून गेलंय. प्राणवायूच्या दाबपेटीचं खूळ आठवतं का? २००१ साली कॅनडात १११ मुलांवर तपासलं. निम्म्यांना दाबाखाली शुद्ध प्राणवायू, बाकीच्यांना किंचित दाबाची साधी हवा. दोन्हीकडे सुधारणा, तीही सारखीच. पालक आशेने येतात, मुलाकडे रोज कुणीतरी तासभर लक्ष देतं, चाचणी दुसऱ्यांदा देताना मूल सरावलेलं असतं. त्यामुळे तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासातल्या ‘सुधारणे’तली किती मशीनची आणि किती बाकीची, हे कळायला मार्ग नाही. माझा राग थेरपीवर नाही, अशा आकड्यांच्या जिवावर पॅकेज विकण्यावर आहे.

टाच_टेकवा
मान्य. पण तुलनेचे गट असलेले अभ्यासही आहेत की. २००४ सालचा घ्या. अपंगत्व असलेली २० मुलं, निम्म्यांना खरी प्लेट, निम्म्यांना बंद. कंपन अगदी हलकं, ९० हर्ट्झ, पायांना जेमतेम जाणवेल इतकं. सहा महिन्यांनी नडगीच्या आतल्या जाळीदार हाडाची घनता खऱ्या गटात ६.३ टक्के वाढली, खोट्या गटात ११.९ टक्के घटली. रोज १० मिनिटं उभं राहायला सांगितलं होतं, मुलं सरासरी उभी राहिली साडेचार मिनिटंसुद्धा नाही.

लेथमास्तर
म्हणजे सांगितल्याच्या ४४ टक्के. माझं जिमचं वार्षिक सदस्यत्व लाजून गेलं.

शंकासूर
२० मुलं, त्यात सगळी सीपीची नाहीत. आणि मॉन्ट्रियलचा अभ्यास सांगा ना पुढे.

टाच_टेकवा
सांगतेच आहे. मॉन्ट्रियललाही २० मुलं, सगळी सीपीची, शाळेतच सहा महिने प्लेट. चालण्याचा वेग सुधारला, हाडांच्या घनतेत अपेक्षित फायदा दिसला नाही. २०१०चं आहे. तात्पर्य काय, तर एका ठिकाणी हाड वाढतं, दुसऱ्या ठिकाणी चाल सुधारते, तिसरीकडे दोन्ही. यंत्रं वेगळी, मुलं वेगळी, गट लहान. मी पालकांना ‘मदत होऊ शकते’ म्हणते, ‘होते’ म्हणत नाही.

ऱ्हाईनकाठी
इथे जर्मनीत मुलगा घेतोय, म्हणून लिहिते. कोलोनच्या विद्यापीठ रुग्णालयात चालाफिरायला अडचण असलेल्या मुलांसाठी एक कार्यक्रम आहे, ‘आउफ दी बाइने’ नावाचा, म्हणजे ‘पायांवर उभे’. सहा महिने घरी प्लेट देतात आणि मधे मधे रुग्णालयात राहून कसून फिजिओ. प्लेट नुसती पाठवून देत नाहीत. आधी आई-बापांना शिकवतात, मग घरी पाठवतात. ज्यांना उभंच राहता येत नाही त्यांच्यासाठी तिरपं होणारं टेबल असतं, त्याच्या पायथ्याशी प्लेट. पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभं करत नेतात, तेवढाच भार पायांवर येतो.

आमचा तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या सीमेवरचा. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या लाल व्हायच्या आणि इतकी खाज सुटायची की तो मशीन बंद झालं की बसून खराखरा खाजवायचा. मी घाबरले होते, पण नंतर कमी झालं. रक्तप्रवाह वाढल्याने होतं म्हणाले. फरक? कमोडवर बसता-उठताना तो आता स्वतः पायांवर जोर देतो, पूर्वी त्याचा सगळा भार माझ्या कमरेवर यायचा. चालण्यात मला काही फरक दिसला नाही. आणि अबोली, तू टिकण्याचं विचारलंस, तर सुट्टीत भारतात आलो, प्लेट नव्हती, मामाकडे लाड, व्यायामही बंद. परतलो तेव्हा बरंचसं उतरलेलं होतं.

गोधडी
माझा नातू पाचव्या श्रेणीतला आहे, नऊ वर्षांचा. बाजारात ती पिस्तुलासारखी मसाजची मशीन मिळते, जावयाने आणलीय. पायाला लावली तर चालेल का हो?

टाच_टेकवा
आजी, नको. अगदी नको. जी मुलं उभीच राहत नाहीत त्यांची हाडं ठिसूळ झालेली असतात. मांडीचं हाड गुडघ्याच्या वर, नुसतं पँट बदलताना पाय वळला म्हणून मोडलेलं मी पाहिलंय. मूल बोलत नसेल तर ‘आज फार रडतोय’ एवढंच घरच्यांना कळतं. आधी डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्व तपासून घ्या, खुब्याचा एक्स-रे झालेला नसेल तर तो काढा. आणि स्टँडिंग फ्रेम, म्हणजे आधाराने उभं करायची चौकट, आहे का घरी?

गोधडी
आहे. तिच्यावर टॉवेल वाळतात. उद्यापासून टॉवेल दोरीवर.

लेथमास्तर
आता यंत्राविषयी. मी भोसरीचा, आयुष्य व्हायब्रेशन कमी करण्यात गेलं. इथे लोक ती पैसे देऊन घेतात हे बघून गहिवरलो.

अबोलीताई, तुमच्या यजमानांना हे दाखवा. शरीराला बसणारा हिसका वारंवारतेच्या वर्गाने वाढतो. मध्यापासून १ मिलिमीटर झोका आणि २० हर्ट्झ धरले तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १.६ पट येतं. तोच झोका ३० हर्ट्झला ३.६ पट. वारंवारता दीडपट, हिसका सव्वादोनपट. ऑनलाइन स्वस्त प्लेट पोट कमी करण्यासाठी विकतात. तिच्या रिमोटवर ‘स्पीड १ ते ९९’ असतं. ९९ काय? हर्ट्झ? नाही. झोका किती? लिहिलेलंच नसतं. माणूस उभा राहिला की मोटर दबून वारंवारता उतरते ते वेगळंच. ज्या पोरीच्या पायांवर हे लावायचं तिचा डोस किती हेच माहीत नसेल तर औषधाची बाटली लेबल फाडून देण्यासारखं झालं.

मोजायला मात्र सोपं आहे. मोबाइलमध्ये फायफॉक्स नावाचं फुकट ॲप घ्या, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं आहे. त्वरणाचा वर्णपट निवडा, फोन प्लेटवर चिकटपट्टीने नीट बसवा, वर कुणीतरी उभं करा. आलेखात जिथे टोक दिसेल ती वारंवारता.

आणि नाना, एसटी नको. बसलेल्या माणसाचा कणा साधारण ४ ते ८ हर्ट्झला सगळ्यात जास्त डोलतो, गाड्या आणि ट्रॅक्टर नेमके त्याच पट्ट्यात हलतात. ट्रॅक्टरवाल्यांच्या कमरा विचारा.

नगरी_नाना
माझीच विचारा. तीस एकर नांगरलंय, कंबर सरकारजमा.

सरकारी_बाबू
थोडं अवांतर, पण उपयोगी. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विमा योजनेत सीपीला वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे, बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात, त्यांच्या उपमर्यादेत. आधी खर्च, मग परतावा. बिलं सुट्या सेशनची, तारीखवार, फिजिओथेरपी म्हणून घ्या. आगाऊ पॅकेजची एकरकमी पावती अडकते, स्वानुभव. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) नसेल तर ते आधी. मुंबईकडच्यांनी हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत दाखवून यावं, एका छताखाली डॉक्टर, फिजिओ आणि बूट-स्प्लिंट बनवणारे मिळतात.

शंकासूर
बाबू, पॅकेजविरोधात तुम्ही माझ्या दहा प्रतिसादांचं काम एका पावतीत केलंत.

चाकावर_सुसाट
धागा सकाळपासून वाचतोय. मी कोल्हापूरचा, वीस वर्षांचा, सीपी, तिसरी श्रेणी. टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

सगळ्यांनी प्लेटचं वजन केलं, वर उभारणाऱ्याचं कोणी विचारलं नाही म्हणून सांगतो. गुडघे ताठ ठेवून उभारलं की कंप थेट डोक्यात जातो, दात कडकड वाजतात, समोरचं कॅलेंडर दोन-दोन दिसतं. गुडघे जरा वाकवले की तो मांडीतच मुरतो. मांडी पेटते मग, पण ती चांगली आग. तळव्यांना मुंग्या. बोलाय गेलं की आवाज बकरीगत निघतो, आमची मॅडम मुद्दाम पाढे म्हणायला लावायची, म्हणजे श्वास कोणी रोखून धरत नाही. बारकी पोरं हसून हसून पडायची.

फायदा मला असा झाला, की उतरल्यावर तास-दोन तास पोटऱ्या सैल. त्या वेळात एएफओ (घोट्याला आधार देणारे स्प्लिंट) झटक्यात चढायचे, एरवी आई आणि मी घामाघूम. मॅडम त्याच वेळात ताणायचे आणि पायऱ्यांचे व्यायाम उरकून घ्यायची. नुसतं प्लेटवरून उतरून रिक्षात बसलो त्या दिवशी काय बी फरक नाही.

पण अकरावी-बारावीला क्लास, कॉलेज, थेरपी, सगळं नाही जमत. मी प्लेट सोडली आणि पोहणं ठेवलं. शंकासूरदादा म्हणतील पुरावा काय. पुरावा नाही, तलावावर दोस्त होते.

अबोलीकाकू, तुमच्या पोरीला काय करायचंय? म्हणजे चाल, टोन, हाडं हे तुमचं झालं. मला टेम्पो ट्रॅव्हलरची पहिली पायरी चढायची होती, कॉलेजच्या सहलीला. डॉक्टर माझा गुडघ्याचा कोन मोजायचे आणि मी मनात पायरी मोजायचो.

खमंग_चिवडा
चढलास का रे?

चाकावर_सुसाट
चढलो. उतरताना दोस्तांनी उचलला. गणपतीपुळेला गेलेलो.

टाच_टेकवा
सुसाट, तुझा पोटऱ्या सैल असण्याच्या वेळेचा मुद्दा आमच्या कामाचा गाभा आहे. ताठरपणा उतरतो तो तात्पुरता, बहुतेक अभ्यासांतही असंच दिसतं. तेवढ्या वेळात ताकदीचं आणि उभं राहण्याचं काम करून घेतलं तरच पदरात काही पडतं. ज्या सेंटरमध्ये मुलाला प्लेटवर उभं करून फिजिओ मोबाइल बघत बसतो तिथे पैसे घालवू नयेत.

अबोली_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. सुसाटचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. आधी बकरीवर खूप हसली. मग म्हणाली, ‘मला ओट्याशी उभं राहून दोन्ही हातांनी मॅगी करायचीय. एका हाताने ओटा धरला की पाकीट फाडता येत नाही.’ हे तिने मला आजवर सांगितलं नव्हतं. दाताने फाडते ते मला वाटायचं आळशीपणा.

सेंटरला फोन करून किती हर्ट्झ विचारलं. उत्तर मिळालं, ‘मॅडम, आम्ही पाचवर ठेवतो.’

लेथमास्तर
पाच काय, किलो?

टाच_टेकवा
अबोलीताई, मूळ प्रश्नावर येते. प्लेट सुरू करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. उंची झपाट्याने वाढताना हाड पुढे पळतं, ताठ स्नायू मागे राहतो, गुडघे वाकतात. तिसऱ्या श्रेणीतल्या बऱ्याच मुलांची चाल या वयात उतरते. हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) किती आखडलेत, खुबा सरकतोय का, बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) किंवा शस्त्रक्रियेची वेळ आलीय का, हे आधी. स्नायू कायमचा आखडला असेल तर कंपनाने तो लांब होणार नाही आणि प्लेटच्या नादात सहा महिने हातचे जातील.

डॉक्टर हो म्हणाले तर तीन महिने करून बघा, सुट्या पैशांनी. फिट्स येत असतील आणि आटोक्यात नसतील, हल्ली हाड मोडलं असेल, ऑपरेशन झालं असेल, मेंदूत शंट (पाणी काढायची नळी) असेल, तर आधी त्या त्या डॉक्टरांची परवानगी. सुरुवातीला एक-दोन मिनिटांच्या फेऱ्या, मधे विश्रांती, गुडघे किंचित वाकलेले, समोर धरायला दांडी. डोकेदुखी किंवा सांधेदुखी झाली तर थांबायचं.

मोजायचं काय? ओट्याशी हात सोडून किती सेकंद उभी राहते, ते. खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला किती वेळ लागतो, ते. सहा मिनिटांत रोलेटर घेऊन किती लांब जाते, ते. सुरू करण्याआधी व्हिडिओ काढा, महिन्याने त्याच जागी, त्याच बुटांत पुन्हा. आणि शंकासूरांसाठी, थेरपी सुरू होण्याआधीचे दोन आठवडेही मोजा, म्हणजे नुसत्या सरावाने किती सुधारतं ते कळेल.

शंकासूर
दंडवत. एवढं केलंत तर माझा विरोध मागे. पॅकेजला मात्र नाही.

लेथमास्तर
पाकिटासाठी भिंतीला कात्रीचा खटका बसवून देतो, एका हाताने पाकीट फाटतं. ड्रॉइंग व्यक्तिगत निरोपात पाठवतो. थेरपी चालू राहू द्या, मॅगी कशाला अडवायची?

अबोली_नाशिक
अपडेट. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, खुबे ठीक आहेत. हॅमस्ट्रिंग आखडलेत पण ताणल्यावर सैल होतात, म्हणून शस्त्रक्रियेचं लगेच नाही, रात्रीचे गुडघ्याचे स्प्लिंट दिलेत आणि प्लेट करून बघायला हरकत नाही म्हणाले. सेंटरने सुटे पैसे घ्यायचं कबूल केलं, जरा तोंड वाकडं करून. फायफॉक्सने मोजलं, त्यांच्या ‘पाच’वर लेक उभी असताना टोक १८च्या आसपास आलं. तिथल्या फिजिओताईंनी स्वतःच आकडा वहीत उतरवून घेतला. ओट्याशी हात सोडून सध्या चार सेकंद. लेथमास्तर, खटका मस्त बसला, मॅगी झाली, पसारा मी आवरला.

ऱ्हाईनकाठी
चार सेकंदांचा व्हिडिओ जपून ठेव गं.

नवा_भिडू
नमस्कार, आजच सदस्य झालो. भाऊ ३२ वर्षांचा आहे, सीपी, लहानपणी चालायचा, आता व्हीलचेअर. त्याला या वयात प्लेटचा उपयोग होईल का?

टाच_टेकवा
मोठ्या माणसांचं गणित वेगळं असतं, कंबर-मान-सांध्यांची झीज आधी बघावी लागते. नवा धागा काढा, इथे तळाशी हरवेल. त्यात चालणं केव्हा आणि कशाने सुटलं ते नक्की लिहा.